जर... तर? अंजनगावच्या तहानंतरचे न घडलेले जग

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव आणि सुर्जी ही शहानूर नदीच्या परिसरातील जोडगावे. पानमळे, पानपिंपरी आणि केळी यांसाठी हा भाग ओळखला जातो. इतिहासाच्या पुस्तकात मात्र या गावांचे नाव एकाच वाक्यात येते : ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. पाठोपाठ तहाच्या अटी येतात. त्या पाठ होतात, परीक्षेत लिहिल्या जातात आणि विसरल्याही जातात.

पण हा धडा शिकवताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, आपण जिंकलो असतो तर?" बहुतेक वेळा आपले उत्तर ठरलेले असते : "इतिहासात जर-तरला स्थान नसते. पुढचा मुद्दा लिहून घ्या." आम्हाला वाटते की हे उत्तर घाईचे आहे. हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला शोभणारा आहे. नीट हाताळला तर तो तहाच्या अटींपेक्षा पुष्कळ अधिक शिकवतो. कसे ते आपण याच तहाच्या उदाहरणाने पाहू.

काय घडले?

आधी घडलेल्या घटना थोडक्यात आठवू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्याने कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध सुरू झाले.

दक्षिणेत आर्थर वेलस्ली आणि उत्तरेत जनरल लेक अशा दोन आघाड्यांवर कंपनी लढत होती. दक्षिणेत प्रथम तेव्हाचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) पडले. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मोठी लढाई झाली. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे दुसरी लढाई झाली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. त्यासाठी स्टीव्हन्सनच्या फौजेने सातपुड्याच्या डोंगरवाटांनी जड तोफा ओढून नेल्या होत्या. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी अंजनगावचा.

देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले. अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडील मुलूख, भडोच आणि अहमदनगर सोडले, तसेच मोगल बादशहावरचा हक्कही सोडला. म्हणजे दिल्लीच्या तख्ताचा प्रश्न वऱ्हाडातल्या एका गावी निकालात निघाला.

प्रयोग न करता येणारी शास्त्रे

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला एक सोय असते. दोन परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत उत्प्रेरक टाकायचा, दुसरीत टाकायचा नाही. फरक दिसला तर तो उत्प्रेरकामुळे. इतिहासाला अशी दुसरी परीक्षानळी मिळत नाही. ही अडचण एकट्या इतिहासाची नाही. भूशास्त्रज्ञाला दख्खनचा लाव्हा पुन्हा वाहता करता येत नाही. उत्क्रांतीच्या अभ्यासकाला डायनोसॉर पुन्हा पृथ्वीवर आणता येत नाहीत. तरीही ही शास्त्रे कारणे शोधतात, कारण ती दुसरी परीक्षानळी मनात तयार करतात.

"मराठे दुहीमुळे हरले" हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो. त्याचा अर्थ काय? "दुही नसती तर मराठे हरले नसते, किंवा निदान इतक्या लवकर हरले नसते." म्हणजे कारण सांगणाऱ्या प्रत्येक वाक्याच्या पोटात एक 'जर-तर' लपलेले असते. ते उघड करून तपासायचे, की झाकून ठेवायचे, एवढाच प्रश्न आहे.

हा मोह जुनाही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिव्ही या रोमन इतिहासकाराने, सिकंदर रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची चर्चा केली होती. मराठी वाचकांना जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवेल. तिच्यात पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागत नाही, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या वेगळ्या हिंदुस्थानात जाऊन पोचतात. अकरावीच्या एन.सी.ई.आर.टी.च्या इंग्रजी पुस्तकातून ही कथा पुष्कळ विद्यार्थ्यांनी वाचली आहे.

कथालेखकाला मोकळीक असते. वर्गात मात्र थोडे नियम हवेत. आम्ही तीन सुचवतो.

एक : बदल लहान हवा आणि तो त्या वेळी खरोखर शक्य असायला हवा. "शिंद्यांकडे विमाने असती तर" हा प्रश्न नव्हे.

दोन : बदललेल्या गोष्टीच्या आधीच घडून गेलेले, आणि तिच्याशी संबंध नसलेले, सर्व तसेच ठेवायचे.

तीन : साखळी फार लांबवायची नाही. समजा प्रत्येक पायरी खरी ठरण्याची शक्यता दहात आठ आहे. पाच पायऱ्या ओलांडल्यावर एकूण शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.३३ उरते. दहा पायऱ्यांनंतर ती ०.११ च्या आसपास येते. प्रत्येक पायरी पटण्यासारखी असली तरी शेवट जवळजवळ अंदाजपंचे होतो. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

पहिला प्रयोग : असईचा उतार

असईला शिंदे-भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जागेत होती. वेलस्ली आणि स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी एकत्र येणार होते. त्याआधीच वेलस्लीची गाठ शत्रूशी पडली. नदीला दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले. परंतु पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली त्याने पाहिली. समोरासमोर वस्ती आहे त्या अर्थी माणसांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणार, असा तर्क त्याने केला. तो खरा निघाला. निरीक्षणावरून अनुमान कसे काढावे याचे हे चांगले उदाहरण आहे.

नदी उतरताना तोफेचा एक गोळा आला आणि त्याच्या सोबतचा स्वार ठार झाला. पुढे लढाईत वेलस्लीचा एक घोडा मारला गेला, दुसरा जखमी झाला. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आणि तोफखान्याने इतका कडवा प्रतिकार केला की कंपनीचे सुमारे १,६०० लोक ठार वा जखमी झाले. लढाईत उतरलेल्या पलटणींच्या मानाने हे प्रमाण फार मोठे होते.

आता बदल करू. तो गोळा वेलस्लीला लागला. हा बदल लहान आहे आणि सहज शक्य होता. पहिला नियम पाळला गेला.

दुसरा नियम लावताच चित्र पालटते. २३ सप्टेंबरच्या आधी काय काय घडून गेले होते? २९ ऑगस्टला भडोच गेले होते. ४ सप्टेंबरला अलीगड पडले होते. शिंद्यांच्या उत्तरेतील कवायती फौजेचा फ्रेंच सेनापती पेराँ नोकरी सोडून लेककडे संरक्षण मागायला गेला होता. ११ सप्टेंबरच्या लढाईनंतर लेक दिल्लीत शिरला होता. म्हणजे असईचा निकाल उलटा लागला असता तरी दिल्ली परत आली नसती. त्यासाठी वेगळी लढाई जिंकावी लागली असती.

मग बदलले काय असते? सर्वांत जवळचा परिणाम वऱ्हाडावर झाला असता. अडगाव आणि गाविलगड घडले नसते तर भोसल्यांना देवगावला वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला नसता. १८०३ पूर्वी या प्रदेशावर निजाम आणि भोसले या दोघांचाही वसुलीचा हक्क चालत असे. तो दुहेरी अंमल पुढे चालू राहिला असता.

थोडे पुढे जाऊ; मात्र येथून पायऱ्या वाढत आहेत हे ध्यानात ठेवू. समजा वऱ्हाड भोसल्यांकडे राहिले. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. म्हणजे आपल्या कल्पनेतले वऱ्हाड १८५४ मध्ये कंपनीकडे गेले असते. प्रत्यक्षात ते कधी गेले? निजामाकडून, मे १८५३ मध्ये. असईला सारे उलटे घडूनही फरक एका वर्षाचा! अर्थात, मधल्या पन्नास वर्षांत नागपूरकरांचेही नशीब वेगळे झाले असते, ही शक्यता उरतेच. पण डोंगराच्या दोन उतारांवरून सोडलेले चेंडू कधी कधी एकाच दरीत येऊन थांबतात. तसे झाले की दरीचा आकार तपासावा लागतो. एखाद्या गोळ्याच्या नेमात तेवढे बळ नसते.

दुसरा प्रयोग : होळकर येतात

या दरीला आकार कशाने आला? १८०३ च्या ऑगस्टमध्ये यशवंतराव होळकर युद्धापासून दूर राहिले. आधल्याच वर्षी त्यांनी शिंद्यांशी लढाई केली होती. दोघांत विश्वास उरला नव्हता. पुढच्या वर्षी, १८०४ मध्ये, ते एकटे कंपनीशी लढले. त्यांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेला आग्र्यापर्यंत हाल सोसत माघार घ्यायला लावली. १८०५ च्या आरंभी त्यांचा मित्र असलेल्या भरतपूरच्या राजाचा किल्ला चार हल्ले करूनही लेकला घेता आला नाही. या मोहिमांच्या खर्चाने लंडनमधले संचालक अस्वस्थ झाले. १८०५ मध्ये गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीला मायदेशी जावे लागले.

होळकर एक वर्ष आधी शिंदे-भोसल्यांबरोबर उभे राहिले असते, तर कंपनीला युद्ध रेटणे जड गेले असते, असे म्हणायला येथे पुरावा आहे. म्हणजे 'दुहीमुळे हरले' हे वाक्य तपासणीत बऱ्यापैकी टिकते. मात्र त्यात भर घालावी लागते. महादजी शिंदे १७९४ मध्ये आणि नाना फडणवीस १८०० मध्ये वारले. कवायती पलटणी युरोपीय अधिकाऱ्यांच्या भरवशावर उभ्या होत्या आणि कंपनीने त्यांना निवृत्तिवेतनाचे आमिष दाखवताच अनेकजण निघून गेले. कंपनीला कर्ज मिळत होते. मराठी सरदारांच्या फौजांचे पगार थकत होते. तोफा ओतता येत होत्या, पण दर महिन्याला पगार वाटणारी व्यवस्था उभी राहिली नव्हती. ही उणीव एका तहाने वा एका विजयाने भरून निघाली नसती.

काळोखी कल्पना कशासाठी?

आपण कल्पिलेला पर्यायी इतिहास बहुधा सुखद असतो. आपण जिंकतो आणि गोष्ट संपते. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य लेखकांनी नेमकी उलटी वाट धरली. फिलिप के. डिक यांच्या १९६२ च्या 'द मॅन इन द हाय कॅसल' या कादंबरीत जर्मनी आणि जपान युद्ध जिंकतात आणि अमेरिका वाटून घेतात. हॅरी टर्टलडव्ह यांच्या १९८८ च्या 'द लास्ट आर्टिकल' या कथेत जर्मन फौजा हिंदुस्थान ताब्यात घेतात आणि गांधीजींचा सत्याग्रह अशा सत्तेपुढे येतो जिला नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडताना कसलाही संकोच नाही. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला ही कथा अस्वस्थ करते, आणि तोच तिचा उपयोग आहे. सत्याग्रहाच्या यशात सत्याग्रहींचा वाटा किती आणि समोरच्या राज्यकर्त्याच्या स्वभावाचा, त्याच्या देशातल्या वर्तमानपत्रांचा, लोकमताचा वाटा किती, हा प्रश्न ती विचारायला लावते. सुखद कल्पना हा प्रश्न कधीच विचारत नाही.

मग वऱ्हाडाचा काळोखा पर्याय कोणता? आपण अशी कल्पना करू की १८०३ सालच्या अखेरीस कोणी माणूस युद्धानंतरच्या जगाची भयकथा लिहायला बसला आहे. तो लिहितो : पंधरा वर्षांत पेशवाई राहणार नाही आणि पेशवा गंगाकाठी वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर दिवस काढील. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने युद्ध केले नाही, तहावर सही केली नाही. पण त्याचा मुलूख एका तिसऱ्याच दरबाराला बक्षीस म्हणून जाईल. तो दरबार वसुलीचे मक्ते देईल आणि पेढीवाल्यांकडून चढ्या व्याजाने कर्ज काढील. त्याच्या रक्षणासाठी ठेवलेल्या फौजेचा पगार थकला म्हणून पन्नास वर्षांनी हाच मुलूख त्या फौजेच्या खर्चापोटी लावून दिला जाईल. आणखी पन्नास वर्षांनी तो ठरावीक वार्षिक रकमेवर कायमचा भाड्याने दिला जाईल, आणि रयतेला कोणी काही विचारणार नाही.

त्या काळच्या वाचकाने ही गोष्ट अतिरंजित म्हणून बाजूला ठेवली असती. पण हे सारे घडले. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ मध्ये शरणागती पत्करली आणि तो बिठूरला राहिला. निजामाचा दिवाण चंदुलाल याच्या काळात मक्तेदारीची वसुली आणि पामर आणि कंपनी या पेढीची कर्जे, दोन्ही झाली. १८५३ मध्ये हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड कंपनीकडे आले. १९०२ मध्ये कर्झनने निजामाशी करार करून वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले. युद्धानंतरचे जे काळोखे जग इतरांनी कादंबऱ्यांत कल्पिले, तशा एका जगात आपल्या पूर्वजांनी शंभर वर्षे शेती केली.

याचा अर्थ दुसरी वाट उजेडाची होती असाही नव्हे. १८०२ ते १८०४ या काळात खानदेश, नगर आणि आसपासच्या दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याला पाऊस न होणे कारण होते, तसेच फौजांची आणि पेंढाऱ्यांची लूटही कारण होती. असईला कोणीही जिंकले असते तरी पाऊस पडला नसता, आणि जिंकलेल्या फौजेनेही कडबा अन् ज्वारी गावातूनच उचलली असती. आपण कल्पना करताना स्वतःला सरदाराच्या तंबूत बसवतो. शेताच्या बांधावर उभे राहून तोच प्रयोग केला तर उत्तर वेगळे येते. "आपण जिंकलो असतो तर?" या प्रश्नातल्या 'आपण' शब्दाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले, तर अर्धा धडा तेथेच शिकवून होतो.

वर्गात करून पाहावे

हा उपक्रम दोन तासिकांत होतो. पश्चिम विदर्भाचा एक नकाशा फळ्यावर काढावा. त्यात अडगाव, अंजनगाव, गाविलगड, अचलपूर आणि वर्धा नदी दाखवावी. वर्गाचे चार गट करावेत. प्रत्येक गटाने एकच लहान बदल निवडावा : अडगावला तोफांच्या माऱ्याने कंपनीच्या काही पलटणी घाबरून मागे पळाल्या तेव्हा त्यांना सावरायला वेलस्ली जवळ नव्हता, गाविलगडाच्या डोंगरवाटेवर तोफा अडकल्या, होळकर ऑगस्टमध्येच आले, किंवा पेराँने नोकरी सोडली नाही.

मग वहीत चार रकाने आखावेत. काय बदलले? त्याआधीचे काय बदलत नाही? पुढच्या पाच वर्षांत काय होईल आणि त्याला पुरावा कोणता? हे जग कोणाला चांगले आणि कोणाला वाईट? पाच वर्षांपलीकडे जाऊ देऊ नये; का, ते घातांकाचे गणित सांगतेच. चौथ्या रकान्यात राजा, शिपाई, सावकार, शेतकरी आणि विणकर या पाचांची नावे आधीच लिहून द्यावीत. ती दिली नाहीत तर राजाखेरीज कोणाची आठवण होत नाही.

काही गटांचे जग उजळ निघेल, काहींचे काळोखे. निकाल सारखे आले पाहिजेत असा आग्रह नको. प्रत्येक विधानापुढे "हे कशावरून?" असे दुसऱ्या गटाने विचारले आणि पहिल्या गटाला उत्तर शोधायला पुन्हा पुस्तक उघडावे लागले, की उपक्रम साधला. तहाच्या अटी तेव्हा विद्यार्थी आपणहून वाचतील, कारण त्यांतली कोणती अट आपल्या कल्पनेतल्या जगात गळून पडते हे त्यांना ठरवायचे असेल. अंजनगाव, अकोट, परतवाडा या भागातल्या शाळांना तर गाविलगडाची सहलही जोडून घेता येईल. दरी आणि बुरूज डोळ्यांनी पाहिल्यावर, तोफा तेथवर नेणे किती कठीण होते आणि त्या अडकल्या असत्या तर काय झाले असते, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.